गिटारवाल्याने कुठे थांबायचं? गँग ऑफ फोरविषयीच्या एका प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचा चौघांचा बँड आहे. गँग ऑफ फोर या इंग्लिश रॉक बँडचा ‘एंटरटेन्मेंट!’ हा पहिला अल्बम ऐकून तुम्ही झपाटलात, त्या वळणाची चार-पाच गाणी बसवलीत, पण जॅमपॅडमध्ये, म्हणजे तालमीच्या खोलीत, फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं की सगळं गिचमिड वाटतं. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. त्यांच्या अँडी गिलच्या गिटारचा तो करवतीसारखा आवाज कोणत्या पेडलने, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या यंत्राने, येतो? पहिल्या दोन अल्बमनंतरचं काही ऐकण्याजोगं आहे का? आणि इतका जबरदस्त बँड पाच-सहा वर्षांत मोडला कसा?

मी बेस वाजवतो. तीसेक वर्षं झाली. गेली पंधरा वर्षं पुण्यात एका छोट्या खोलीत तरुण बँडची गाणी रेकॉर्ड करतो. या बँडवर माझा फार जीव आहे, आणि तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन दरवर्षी एखादा तरी बँड माझ्याकडे येतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

पेडलचं उत्तर एका ओळीत संपतं: कोणत्याच नाही. पण तुमची खरी अडचण गिटारच्या आवाजाची नाही, असं मला वाटतं. तुम्ही चौघंही एकाच वेळी, सतत वाजवताय. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत प्रत्येकाचे हात चालू. गँग ऑफ फोरच्या संगीताचा सगळा जोर कोण कधी वाजवत नाही यावर आहे. आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीची गोष्टही तीच आहे. जोवर चौघांनी एकमेकांसाठी जागा मोकळी ठेवली तोवर तो बँड अजोड होता. ती जागा भरायला लागली तसा तो मोडत गेला. त्यामुळे तुमचे तीन प्रश्न माझ्यासाठी एकच आहेत.

तुमचं रेकॉर्डिंग मी ऐकलेलं नाही. तुमचा ड्रमर कसा आहे, खोली किती घुमते, गाणारा गातोय की बोलतोय, यावर बरंच अवलंबून आहे. तेव्हा खालचं सगळं तुमच्या गाण्यांना जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

आता मुळापासून. इंग्लंडच्या उत्तरेला लीड्स. १९७६-७७ चा सुमार. जॉन किंग आणि अँडी गिल हे केंट परगण्यातल्या सेव्हनओक्सच्या शाळेपासूनचे दोस्त, लीड्स विद्यापीठात चित्रकला शिकत होते. ह्यूगो बर्नहॅम त्याच विद्यापीठात नाटक शिकत होता, तो ड्रम्सवर बसला. बेसवर आला डेव्ह अ‍ॅलन, विद्यापीठाबाहेरचा. ‘जलद रिदम अँड ब्लूज’ वाजवणारा बेसवादक हवा, अशा जाहिरातीला उत्तर देऊन तो आला होता. चौघांत सफाईने वाजवणारा तोच, आणि बँडमध्ये आल्यावर त्याला सांगितलं गेलं की कमी वाजव. हे मी बेसवाल्याच्या नात्याने सांगतोय: येत असलेलं न वाजवणं ही सगळ्यात अवघड तालीम असते.

त्या काळचं लीड्स शांत गाव नव्हतं. वंशद्वेषी नॅशनल फ्रंटचे टोळके उघडपणे फिरायचे, त्यांच्याविरुद्ध ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’च्या मैफली व्हायच्या, आणि कार्यक्रमांत मारामाऱ्या होत. यॉर्कशरमध्ये एक खुनी एकामागून एक बायकांना मारत सुटला होता, रात्री घराबाहेर पडायची भीती होती. दुसरीकडे चित्रकलेच्या विभागाचा प्रमुख म्हणून टी. जे. क्लार्क हा मार्क्सवादी कला-इतिहासकार आलेला. त्यामुळे चित्र म्हणजे काय, ते कुणाच्या फायद्याचं, जाहिरात आपल्याला काय विकते, हे वाद तिथे रोज चालत. १९७६ च्या उन्हाळ्यात किंग आणि गिल न्यू यॉर्कला जाऊन आले, तिथल्या सीबीजीबी या क्लबमध्ये त्यांनी नवे पंक बँड ऐकले. पण पंकचा सरळ धावता ठोका त्यांना पुरेसा वाटला नाही. त्यांच्या कानांत जेम्स ब्राऊनचं तालप्रधान फंक होतं, जमैकाचं डब होतं, आणि डॉ. फीलगुड या इंग्लिश बँडमधल्या विल्को जॉन्सनची तुटक, खणखणीत गिटार होती.

डबचा मुद्दा जरा थांबून समजून घ्या, कारण तो सहसा सुटतो. डबमध्ये ध्वनिमुद्रक गाण्यातून एकेक वाद्य काढून घेतो. गिटार गायब, मग गाणं गायब, उरतो बेस आणि ड्रम. ही काढून घेण्याची क्रिया गँग ऑफ फोरने मिक्सिंगच्या टेबलावरून उचलून तालमीच्या खोलीत आणली. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. तीनतालाचा ठेका आठवा. नवव्या मात्रेपासून ‘खाली’, म्हणजे रिकामा भाग, सुरू होते, ‘धिं’चं ‘तिं’ होतं, डग्ग्याचा घुमार निघून जातो, आणि पुन्हा ‘धिं’ येतं तेव्हा शरीराला कळतं की सम जवळ आली. फंकमध्येही पहिल्या ठोक्याला समेसारखाच मान आहे, आणि तो मान मिळतो कारण त्याच्या आधी काहीतरी काढून घेतलेलं असतं. तुमच्या गाण्यांत ‘खाली’च नाही. सगळ्या मात्रा भरीच्या.

त्यांची पहिली रेकॉर्ड १९७८ च्या ऑक्टोबरात निघाली. एडिनबराच्या ‘फास्ट प्रॉडक्ट’ या बॉब लास्टच्या छोट्या कंपनीने काढलेली, तीन गाण्यांची: ‘डॅमेज्ड गुड्स’, ‘लव्ह लाइक अँथ्रॅक्स’ आणि ‘आर्मालाइट रायफल’. वेष्टनावर काय हवं हे सांगायला बँडने लास्टला पत्र पाठवलं होतं, सोबत बैलाशी झुंजणाऱ्या बाईचं वर्तमानपत्रातलं चित्र. लास्टने ते पत्रच वेष्टनाच्या मागच्या बाजूला छापून टाकलं. वस्तू विकताना ती विकण्याची युक्तीही दाखवायची, हा त्यांचा विचार पुढे प्रत्येक गाण्यात दिसतो. ‘अँथ्रॅक्स’ हेडफोनवर ऐका. सुरुवातीला मिनिटभराहून अधिक काळ नुसता गिटारचा फीडबॅक, म्हणजे अ‍ॅम्पसमोर धरलेल्या गिटारची शीळ, मग ड्रम्स आणि बेसचा एकच फेरा, आणि त्यावर दोन आवाज. एका बाजूला किंग गातोय की प्रेम हा रोग आहे. दुसऱ्या बाजूला गिल कोरड्या आवाजात काहीतरी वाचून दाखवल्यासारखं बोलतोय. अल्बमवरच्या रूपात तो विचारतो की गाणारे सगळे प्रेमावरच का गातात. दोन्ही आवाज एकदम चालू, तरी गिचमिड नाही. कारण खाली बेस आणि ड्रम्स हट्टाने तेवढंच वाजवतात, आणि गिटारला कुठलीच सुरावट सांभाळायची नसते.

१९७९ मध्ये त्यांनी ईएमआय या बलाढ्य कंपनीशी करार केला. डाव्या विचारांचा बँड भांडवलदारांच्या कंपनीत गेला म्हणून त्या काळात बरीच टीका झाली. मला ती टीका पटत नाही. त्यांना हजारो लोकांपर्यंत पोचायचं होतं, आणि बाजार कसा चालतो यावर गाणाऱ्याने बाजाराच्या मधोमध उभं राहणं मला सुसंगत वाटतं. किंमत मात्र त्यांना मोजावी लागली. ‘अ‍ॅट होम हीज अ टूरिस्ट’ हे गाणं विक्रीच्या यादीत चढत होतं आणि बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचं बोलावणं आलं. गाण्यात निरोधासाठी बोलीतला ‘रबर्स’ हा शब्द होता. तो बदला, असं सांगण्यात आलं. बँडने ‘पॅकेट्स’ असा पर्याय सुचवला. कार्यक्रमवाल्यांना त्याऐवजी ‘रबिश’, म्हणजे कचरा, हवा होता. बँड उठून निघून गेला. गाणं ५८ व्या क्रमांकावर थांबलं. त्या कार्यक्रमात एकदा दिसलं की रेकॉर्ड घरोघरी पोचत असे, तेव्हा एका शब्दापायी त्यांनी काय सोडलं याचा अंदाज करा. त्या वयात मीही तेच केलं असतं, आजही करेन. पण आपल्यापैकी प्रत्येकाने हा हिशोब स्वतःचा स्वतः करायचा असतो.

सप्टेंबर १९७९ मध्ये ‘एंटरटेन्मेंट!’ आला. लंडनच्या ओल्ड केंट रोडवरच्या वर्कहाऊस स्टुडिओत मुद्रित केलेला. निर्माते म्हणून गिल, किंग आणि रॉब वॉर. लाल मुखपृष्ठ, त्यावर काऊबॉय आणि अमेरिकेतला मूळ रहिवासी हात मिळवतायत असं तीनदा छापलेलं चित्र, आणि भोवती छोटीशी गोष्ट: मूळ रहिवासी हसतो कारण त्याला वाटतं काऊबॉय आपला मित्र आहे, काऊबॉय हसतो कारण तो रहिवासी फसला आहे. ब्रिटनच्या यादीत अल्बम ४५ व्या क्रमांकापर्यंत गेला. आकड्यांत साधंच यश.

आवाजाचं बघा. हा अल्बम कोरडा ठणठणीत आहे. रिव्हर्ब, म्हणजे घुमार, जवळपास नाहीच, प्रत्येक वाद्य हाताच्या अंतरावर. गिलने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेट्या) टाळले, कारण त्यांच्यात येणारी ऊब आणि गोडवा त्याला नको होता. तो कार्ल्सब्रोचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प वापरायचा. तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे: आपल्याकडच्या जॅमपॅडमध्ये बहुतेक ठिकाणी रोलँडचा जॅझ कोरस हा अ‍ॅम्प पडलेला असतो, तोही ट्रान्झिस्टरचाच. त्याचा कोरस इफेक्ट बंद करा, रिव्हर्ब शून्यावर आणा, ट्रेबल वाढवा, डिस्टॉर्शनला हात लावू नका. स्ट्रॅटोकास्टरसारखी सिंगल कॉइलची गिटार असेल तर ब्रिजजवळचं पिकअप घ्या. पंचाहत्तर टक्के आवाज इथेच मिळेल. उरलेला मनगटात आहे. डावा हात तारांवर नुसता टेकवून उजवा हात सोळाव्या भागांत, म्हणजे एका ठोक्यात चार वेळा, चालू ठेवायचा, आणि एखाद्या क्षणीच तार दाबून सूर बाहेर येऊ द्यायचा. गिटार तालवाद्यासारखी वाजवायची, ताशासारखी म्हणा हवं तर.

सोलोच्या बाबतीत गिलने जे केलं ते मला आजही थक्क करतं. रॉकच्या गाण्यात जिथे गिटारवाला पुढे येतो, तिथे तो थांबायचा. गिटारच्या जागी खड्डा. ऐकणारा सोलोची वाट बघत असतो, आणि त्या खड्ड्यातून त्याला पहिल्यांदाच बेस आणि ड्रम्स नीट ऐकू येतात. ‘नॉट ग्रेट मेन’ हे गाणं इतिहासाबद्दल आहे, इतिहास थोर पुरुष घडवत नाहीत असं ते म्हणतं. आणि बँडची मांडणीही तेच म्हणते. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. गाण्यांचं श्रेयही चौघांच्या नावावर होतं. ‘नॅचरल्स नॉट इन इट’मध्ये गिटारची एकच छोटी धून (रिफ) अथपासून इतिपर्यंत चालते, नेहमीचा कोरस, म्हणजे ध्रुवपद, येतच नाही. ‘ईथर’मध्ये किंग आणि गिल एकमेकांच्या ओळी अडवतात. एकजण आरामाच्या आयुष्याबद्दल बोलतो, दुसरा उत्तर आयर्लंडमधल्या लाँग केश तुरुंगाबद्दल, आणि दोघांनाही जागा मिळते.

दुसरा अल्बम ‘सॉलिड गोल्ड’ १९८१ चा. सोबत निर्माता होता जिमी डग्लस, अटलांटिक स्टुडिओत घडलेला, ‘स्लेव्ह’सारख्या खऱ्या फंक बँडसोबत काम केलेला माणूस. गती उतरली, वजन वाढलं. पुष्कळांना तो पहिल्यापेक्षा फिका वाटतो, मला वाटत नाही. बेसवाल्यांना मी हाच आधी देतो. ‘पॅरलाइज्ड’ ऐका, बेरोजगारीवरचं गाणं: गिल बोलतोय आणि दोन ठोक्यांमधल्या शांततेत भीती वाटते. ‘ही’ड सेंड इन द आर्मी’मध्ये थांबण्याच्या जागा इतक्या लांब आहेत की गाणं संपलं असं वाटतं. मंचावर किंग त्यात धातूच्या खोक्यावर काठी हाणायचा. त्याच वर्षी ‘टू हेल विथ पॉव्हर्टी’ हे सुटं गाणं आलं. नाचायला लावणारं यापेक्षा चांगलं काही त्यांनी केलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि इथून दाटी सुरू होते. १९८१ मध्येच अमेरिकेच्या दौऱ्यात डेव्ह अ‍ॅलन बँड सोडून गेला, आणि त्याने बॅरी अँड्र्यूज व कार्ल मार्श यांच्यासोबत ‘श्रीकबॅक’ काढला. दौरा पुरा करायला बस्टा जोन्स आला, मग सारा ली कायमची बेसवर आली. सारा ली उत्तम बेसवादक, तिच्याबद्दल एक शब्दही वावगा बोलता येणार नाही. पण चौघांनी खोलीत बसून, भांडून ठरवलेला जागांचा करार एक माणूस गेला की पुन्हा लिहावा लागतो. १९८२ चा ‘साँग्ज ऑफ द फ्री’ माइक हाउलेटने घडवला. त्यात मागे गाणाऱ्या बायकांचे आवाज आले, कडा घासून गुळगुळीत झाल्या. ‘आय लव्ह अ मॅन इन अ युनिफॉर्म’ हे त्यातलं गाणं चाललंही असतं, पण नेमकं फॉकलंड बेटांचं युद्ध पेटलं आणि बीबीसीने ते वाजवणं थांबवलं. अमेरिकेतल्या डान्स क्लबांनी मात्र ते उचललं. पहिल्या दोनानंतरचं काय ऐकू, असं विचारलंत ना? हा अल्बम नक्की ऐका. ‘वी लिव्ह अ‍ॅज वी ड्रीम, अलोन’साठी तरी ऐकाच. गुळगुळीत झाला तरी त्यात अजून माणसं एकमेकांचं ऐकतायत.

१९८३ मध्ये बर्नहॅमला काढून टाकलं गेलं, आणि ‘हार्ड’ आला. अमेरिकेत, रॉन आणि हॉवर्ड अल्बर्ट या भावांच्या हाताखाली केलेला. गुळगुळीत ठोका, वर तंतुवाद्यांची आणि आवाजांची गादी. कुठे बोट घालायला फट नाही. ऐकताना मला राग येत नाही, वाईट वाटतं. पुढच्या वर्षी बँड संपला.

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. २००३ मध्ये आमच्या बँडने पहिल्यांदा पैसे साठवून नीट रेकॉर्डिंग केलं. गाणी साधी होती, तिघांची. मिक्सिंगला मी एकटाच बसलो होतो. मला वाटलं, रेडिओवर लागण्यासारखं व्हायला हवं. गिटार दोनदा वाजवून घेतली, कोरसखाली कीबोर्ड पसरला, टाळ्या घातल्या, ड्रम्सला लांबलचक रिव्हर्ब दिला. ड्रमरला ऐकवलं तेव्हा तो पूर्ण गाणंभर गप्प बसला आणि शेवटी म्हणाला, ‘‘यात मी कुठे आहे?’’ सहा महिन्यांत तो गेला, बँडही गेला. चूक माझी होती. गाण्यात काहीतरी कमी आहे असं मला वाटत होतं, आणि ते कमी असणं हाच त्या गाण्यांचा जीव होता.

पुढची कारकीर्द भराभर सांगतो. गिल निर्माता म्हणून खूप मोठा झाला. रेड हॉट चिली पेपर्सचा १९८४ चा पहिला अल्बम त्याने केला. ती पोरं गँग ऑफ फोरची भक्त होती, पण गिलला तेव्हा स्वच्छ, आवरलेला आवाज हवा होता आणि त्यांना आपला दंगा, त्यामुळे खटके उडाले. जीझस लिझर्ड, किलिंग जोक, फ्यूचरहेड्स यांच्यासोबतही त्याने काम केलं. किंग आणि गिल यांनी बँडच्या नावाने १९९१ मध्ये ‘मॉल’ आणि १९९५ मध्ये ‘श्रिंकरॅप्ड’ काढले. वेळ असेल तर दुसरा ऐका, पहिला सोडलात तरी चालेल. या मधल्या काळात त्यांचं नाव इतरांच्या तोंडून जिवंत राहिलं. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या अल्बमच्या यादीत ‘एंटरटेन्मेंट!’ लिहून ठेवला होता. २००० नंतर फ्रांझ फर्डिनांड, ब्लॉक पार्टी, द रॅप्चर असे बँड आले आणि त्या तुटक गिटारवर पुन्हा जग नाचायला लागलं.

२००५ मध्ये मूळचे चौघं पुन्हा एकत्र आले. त्या वर्षी त्यांनी ‘रिटर्न द गिफ्ट’ काढला, स्वतःचीच जुनी गाणी नव्याने वाजवून. लोकांनी नाकं मुरडली. कारण समजून घ्या: जुन्या मुद्रणांची मालकी त्यांच्याकडे नव्हती आणि त्यातून त्यांच्या हाती पैसा येत नव्हता. तेव्हा जाहिरातवाल्याला किंवा सिनेमावाल्याला गाणं हवं असेल तर निदान स्वतःच्या मालकीचं मुद्रण असावं, हा साधा विचार. उद्या तुमच्यापुढे कुणी करार ठेवला तर रॉयल्टीच्या टक्क्यांआधी हे बघा की मुद्रणाची मालकी कुणाची आणि किती वर्षांनी ती परत मिळते. माझ्याकडे येणाऱ्या बँडपैकी फार थोडे हा प्रश्न विचारतात.

ते पुनर्मीलनही टिकलं नाही. आधी अ‍ॅलन आणि बर्नहॅम बाहेर पडले. २०११ च्या ‘कंटेंट’नंतर किंगही गेला, आणि गिल एकटा नव्या माणसांसोबत ‘व्हॉट हॅपन्स नेक्स्ट’ आणि ‘हॅपी नाऊ’ करत राहिला. १ फेब्रुवारी २०२० रोजी लंडनमध्ये न्यूमोनियाने तो गेला, ६४ वर्षांचा होता. त्याच वर्षी रन द ज्युएल्स या अमेरिकन रॅप जोडीने ‘ईथर’ची गिटार उचलून त्यावर रॅप केला. चाळीस वर्षांपूर्वीचा तो कोरडा खरखरीत आवाज जसाच्या तसा बसला, त्याला काही करावं लागलं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये डेव्ह अ‍ॅलनही गेला. त्या वर्षी किंग आणि बर्नहॅम निरोपाच्या दौऱ्यावर होते, गिटारवर टेड लिओ आणि बेसवर गेल ग्रीनवुड.

तर बँड मोडला कसा? बीबीसी, युद्ध, कंपनीचा बदललेला कल, हे सगळं खरं आहे. पण बाहेरचे धक्के पहिल्या दिवसापासून होते, लीड्समध्ये तर प्रत्यक्ष हाणामारी होती. माझ्या मते आतला करार मोडला तेव्हा ते मोडले. दुसरा बेसवाला मिळतो, यंत्रावर ठोका मिळतो, पण ‘इथे मी थांबतो, तू वाजव’ हे ज्या चौघांनी मिळून ठरवलं होतं ते विकत आणता येत नाही. याच्याशी सहमत नसणारे जुने श्रोते पुष्कळ आहेत, आणि ‘साँग्ज ऑफ द फ्री’ हाच सर्वांत चांगला अल्बम मानणारेही मला भेटले आहेत.

ऐकण्याचा क्रम विचाराल तर आधी ‘एंटरटेन्मेंट!’ पुन्हा एकदा, पण या वेळी फक्त ड्रम्स ऐका. मग ‘सॉलिड गोल्ड’, मग ‘टू हेल विथ पॉव्हर्टी’, मग ‘साँग्ज ऑफ द फ्री’. सोबतीला लीड्सचेच डेल्टा फाइव्ह ऐका, दोन बेस असूनही दाटी कशी होत नाही ते कळेल. आणि न्यू यॉर्कच्या साउथ ब्रॉंक्समधल्या स्क्रॉगिन्स बहिणींचा ईएसजी. गिटार जवळपास नाहीच, आणि तरी खोली भरते.

आता पुढच्या तालमीसाठी. एकच गाणं घ्या, पाचही नकोत. मोठा कागद घ्या, त्यावर आडव्या सोळा चौकटी आखा आणि चौघांसाठी चार ओळी. हा एक बार, म्हणजे तालाचं एक आवर्तन. प्रत्येकाने आपण कुठल्या चौकटीत वाजवतो तिथे ठिपका द्यायचा. पहिल्यांदा कागद काळा होईल. मग ड्रमर आणि बेसवाल्याने ठरवायचं की किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका आणि बेसचा सूर कुठे एकत्र पडतात, आणि त्या तीन-चार जागा सोडून बेसवाल्याने निम्मे ठिपके खोडायचे. ड्रमरने क्रॅश सिंबल, म्हणजे मोठी झांज, काढून बाजूला ठेवायची, दिवसभरासाठी. गिटारवाल्याला फक्त रिकाम्या चौकटी द्यायच्या, दुसऱ्या कुणाचा ठिपका असलेली एकही नाही. गाणाऱ्याने सुरुवातीला नुसतं बोलायचं. गती मिनिटाला १०० ते ११० ठोक्यांच्या आसपास ठेवा. जलद वाजवलं की फटी आपोआप बुजतात आणि चुका लपतात.

फोन ड्रम्सपासून लांब, खोलीच्या कोपऱ्यात ठेवा आणि दहा मिनिटं हेच वाजवा. पहिली पाच मिनिटं फार ओकंबोकं वाटेल, गिटारवाल्याचे हात शिवशिवतील, कुणीतरी नक्की म्हणेल की इथे काहीतरी घालूया. घालू नका. सहाव्या-सातव्या मिनिटाला ड्रमरची मान हलायला लागली की तोच बार पुढच्या तालमीतही ठेवा, आणि गिटारवाल्याचा आणखी एक ठिपका खोडून बघा.